पिसवांसाठी चालवलेला माग

दिवाळी अंकात माणसे आपापल्या क्षेत्रातल्या उंच जागांविषयी लिहितात. माझे क्षेत्र कुत्र्याच्या कानामागे सुरू होते आणि मांजराच्या शेपटीपाशी संपते. मी पिसवा काढते. नागपुरात हुडकेश्वरच्या एका पशुदवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. जनावर धरणे, जखम धुणे, नखे कापणे हेही करावे लागते, पण लोक दारातून विचारतात ते "पिसवावाल्या ताई आहेत काय?" असेच. सुरुवातीला या नावाचा राग यायचा. राग अजून येतो, फक्त त्याची कारणे बदलली.

राग माझ्या घरचा आहे. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार. गेटवर वाटायच्या पत्रकांच्या घड्या आम्ही भावंडे स्वयंपाकघरात बसून घालायचो. शाळेच्या पुस्तकाआधी मी मागण्या वाचायला शिकले. पत्रकाचे बाबांचे तीन नियम होते. एका पत्रकात एकच मागणी. जे माहीत नाही ते लिहायचे नाही. आणि ज्याच्याविरुद्ध पत्रक आहे, पहिली प्रत त्याच्याच हातात द्यायची, पाठीमागून वाटायचे नाही. हा तिसरा नियम बाबांना फार महाग पडला. तरी त्यांनी तो सोडला नाही, आणि मलाही सोडता आलेला नाही.

दवाखान्यात लागल्यावर मला वाटले होते, इथे भांडण नसेल. मग एका दुपारी जवळच्या इमारतीतल्या एक बाई टॉवेलात गुंडाळून मांजराचे पिल्लू घेऊन आल्या. पिल्लाच्या तोंडातून लाळ गळत होती, त्याला पायांवर उभे राहता येत नव्हते. टॉवेल उघडला आणि खोलीभर सुगंध पसरला. पिसवा जाव्यात म्हणून त्यांनी सकाळी पिल्लाला कसलेसे वनस्पतींचे तेल चोळले होते.

"नॅचरल आहे ना, ताई! म्हणूनच तं लावलं," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. पर्समधून त्यांनी बाटलीही काढली. बाटलीवर हिरवे पान होते.

मांजर हे स्वतःला जिभेने धुणारे जनावर आहे. त्याच्या अंगावर जे लावाल ते ते पिते. शिवाय कापूर आणि कितीतरी उग्र वासाची तेले आपल्या शरीराला पचतात, तशी मांजराच्या यकृताला पचत नाहीत. हे बाटलीवर कुठेच लिहिलेले नव्हते. पिल्लू संध्याकाळपर्यंत गेले. बाई बाटली टेबलावरच ठेवून निघून गेल्या. धोतरा नैसर्गिक आहे, विंचूही नैसर्गिक आहे. "नैसर्गिक" हा शब्द कुणी काय म्हणून विकावा, याला काही धरबंधच नाही.

त्याच पंधरवड्यात नरखेडकडचे एक संत्रा बागायतदार मोटारसायकलवर पुढ्यात कुत्रा बसवून आले. फवारणीच्या पंपात उरलेले औषध बादलीत ओतून त्यांनी त्यात कुत्र्याला आंघोळ घातली होती. कुत्रा नखशिखान्त थरथरत होता.

"संत्र्याले चालते ते कुत्र्याले काहून नाही चालत?" त्यांनी विचारले.

"संत्रं आपलं आंग चाटत नाही, काका."

ते हसले. मग कुत्र्याकडे पाहून त्यांचे हसू मावळले. तो कुत्रा वाचला, पण फार हाल सोसून.

मग मी पत्रक काढले. मागणी एकच: मांजर-कुत्र्याच्या अंगाला डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीही लावू नका, बाटलीवर पान असले तरी. खाली लिहिले की कुत्र्याच्या मानेवर टाकायचे काही थेंब मांजराचा जीव घेऊ शकतात, म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला नको. पहिली प्रत नियमाप्रमाणे त्या बाटल्या विकणाऱ्या दुकानदाराला नेऊन दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, नीट घडी घातली आणि म्हणाले, "ताई, पत्ता नाही टाकला खाली? लोक विचारतीन कोणाले?" बाटल्या फळीवर तशाच राहिल्या. दुसरी प्रत मी दवाखान्याच्या दारावर चिकटवली.

कल्पनाशी ओळख झाली ती त्या दारावरच. गेल्या वर्षी, रोगराई घेऊन जा म्हणून पोळ्यानंतर मारबत मिरवून जाळतात त्याच्या दुसऱ्या दिवशी, ती उमरेडहून एसटीने आली होती. कापडी पिशवीतून एक काळीपांढरी मांजर तोंड बाहेर काढून ओरडत होती. कल्पनाने उभ्या उभ्या पत्रक वाचले आणि आत येऊन मला सरळ विचारले, "हे नाही, ते नाही. मंग लावाचं तरी काय?"

प्रश्न रास्त होता. काय करू नये ते एका ओळीत बसते. काय करावे ते बसत नाही.

मांजरीचे नाव कांडी. कल्पनाचे सासरचे घर विणकरांचे, आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, सूत ज्यावर गुंडाळतात ती कांडी. मांजरीला तीन पिल्ले होती. घरात मुलगी मनू, तिच्या पिंडऱ्या खाजवून खाजवून पिकल्या होत्या. "मारबतीले ओरडून सांगतलं, पिसवा घेऊन जा गे म्हणून. ते गेली, ह्या राहिल्या," कल्पना म्हणाली. मग आवाज खाली आणून बोलली, "आमच्या घरचे म्हणतात, आता बोऱ्यात घालून दूर नेऊन सोडतो. पिल्लाईसकट. मनू जेवत नाही तेव्हापासून."

मी ओला पांढरा कपडा टेबलावर अंथरला आणि बारीक दातांची फणी कांडीच्या पाठीवरून ओढली. फणीतून काळे कण पडले. ओल्या कपड्यावर ते हळूहळू तांबूस झाले. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजरीचेच पचलेले रक्त. डॉक्टरांनी कांडीला औषध दिले, दूध पाजणाऱ्या मांजरीला चालेल असे आणि तिच्या वजनाचे. पिल्ले मात्र कुठल्याही औषधासाठी फार लहान होती. त्यांना फक्त फणी, कोमट पाणी, सौम्य साबण आणि लगेच कोरडे करणे. फणीत आलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची, नखाने चिरडायची नाही.

काही दिवसांनी कल्पनाचा फोन आला. कांडीच्या अंगावर पुन्हा पिसवा. मनूच्या पायांवर नवे डाग. "मनूचे बाबा आता थांबत नाही म्हणतात, ताई."

जनावराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. त्यांचा खरा संसार जमिनीत असतो. अंडी अंगावरून गळतात, फटीत, धुळीत, अंथरुणात पडतात. त्यातून अळ्या निघतात, त्या उजेडाला भितात आणि तेच काळे कण खाऊन वाढतात. मग त्या धुळीचा कोष विणून आत बसतात. म्हणून जनावर धुऊन भागत नाही. ते झोपते ती जागा शोधावी लागते. मी सुटीच्या दिवशी उमरेडला गेले.

घराचा पुढचा भाग नवा, फरशीचा. मागे कौलारू खोली, मातीच्या जमिनीची. तिच्या दाराशी सिमेंटची पोती रचलेली होती. कल्पनाचा नवरा रमेश कोळसा खाणीत कामाला. त्याला दिवाळीआधी ती खोलीही फरशीची करायची होती. मी स्वयंपाकघर, पलंगाखाली, पिल्लांचे खोके, सगळे पाहिले. कण होते, पण एवढ्या पिसवा पोसतील इतके नव्हते.

मागच्या खोलीत रमेशचे वडील नत्थूजी बसले होते. ते खड्डामागावर बसले होते. हा माग जमिनीलगत असतो आणि विणकर खड्ड्याच्या काठावर बसून पाय आत सोडतो. खाली लाकडाच्या पावड्या असतात, त्या पायाने दाबल्या की वरचे सूत उघडते, मिटते. नत्थूजींच्या मागावर सूत नव्हते. सूत देणाऱ्यांनी देणे बंद केले त्याला कितीतरी वर्षे झाली होती. ते तरीही रोज सकाळी येऊन तिथे बसत.

बाहेर उकाड्याने जीव जात होता आणि त्यांनी गुडघ्यापर्यंत जाड लोकरी मोजे घातले होते.

"बाबाजी, मोजे काढा."

"काहून?"

"पाय पाहाचे आहेत."

"म्हाताऱ्याचे पाय काय पाहाचे? सोयरीक जुळवून राहिली काय?"

मी हसले नाही. त्यांनी हळूहळू मोजे उतरवले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल डागांच्या रांगा होत्या. मनूच्या पायांवर होत्या त्याहून दाट. मी खड्ड्यात विजेरी धरली. पावड्यांखाली कापसाच्या तुसाचा वर्षानुवर्षांचा थर होता आणि त्यात मांजरीच्या अंगाचा गोल ठसा. अंधारी, उबदार, मऊ जागा. दुपारी घर झोपले की कांडी पिल्लांना तोंडात धरून इथे आणत होती. हे फक्त नत्थूजींना माहीत होते.

"कधीपासून चावून राहिल्या?"

"पाऊस लागला तवापासून."

"घरात सांगतलं काहून नाही?"

त्यांनी हनुवटीने दाराशी रचलेल्या पोत्यांकडे दाखवले. "त्याले निमित्तच पाहिजे. पिसवा म्हटलं का उद्या खड्डा बुजला."

"अन् तुमी मांजरीच्या नावानं बिल फाडलं."

ते कांडीकडे पाहत राहिले. ती मागाच्या खांबाला अंग घाशीत होती.

"मांजरीचं काय, ते कोठीबी राहते," ते शेवटी म्हणाले. "हा खड्डा गेला तं मी पाय कोठी ठेवू?"

मी विजेरी विझवली. मग त्यांनीच विचारले, "रमेशले सांगाच लागन काय, पोरी?"

"सांगाच लागन, बाबाजी. पण पयले तुमाले सांगून राहिली."

"मले काय सांगतं? मले तं माहीतच होतं."

तो बाबांचा तिसरा नियम होता. तो पाळून मला बरे वाटले नाही.

मी रमेश आणि कल्पनाला मागच्या खोलीत बोलावून सगळे सांगितले. रमेश वाईट माणूस नाही. तो वडिलांच्या पायांशी बसला आणि डागांवरून बोट फिरवू लागला. मग तो म्हणाला, "बा, भैताडासारखं किती सोसलं तुमी? पोरगी खाजवून रडून राहिली अन् तुमी मोजे घालून बसले?" रमेश माझ्याकडे वळला.

"ताई, खड्डा बुजवला तं पिसवा जातीन?"

इथे खोटे बोलता आले असते. पण माहीत असलेले लपवणे हेही मला पत्रकांच्या घड्या घालताना कुणी शिकवले नव्हते.

"बऱ्याचशा जातीन."

"बस मंग."

"पण न बुजवताबी जातीन," मी म्हटले. "टाइम लागन. मेहनत लागन. अन् बाबाजीले माग चालवा लागन."

तिघेही माझ्याकडे पाहू लागले. मी समजावले. कोषात बसलेली पिसू धुराने मरत नाही, औषधाने सहसा मरत नाही. ती वाट पाहते. जमीन हादरली, ऊब आली की तिला कळते की कुणी जनावर आले आहे, आणि मग ती बाहेर उडी मारते. म्हणूनच फार दिवस बंद असलेल्या घरात शिरणाऱ्या पहिल्या माणसावर पिसवा तुटून पडतात. माग चालत होता तेव्हा खड्डा रोज हादरत होता, तूस रोज झाडले जात होते. मग तो थांबला, आणि खड्डा पिसवांना मिळाला. आता तूस काढायचे, उन्हाची तिरीप आत आणायची, आणि रोज पावड्या हाणून उरलेल्यांना बाहेर बोलवायचे. पायात पांढरे मोजे, शेजारी साबणाच्या पाण्याचे घमेले. मोज्यावर पिसू दिसली की पाय घमेल्यात.

"म्हणजे खोटी हाक माराची त्याईले," नत्थूजी म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची पाठ सरळ झाली.

रमेशचा विश्वास बसला नव्हता. तेव्हा कल्पना बोलली. "थांबा ना जरा. सिमेंट काय उडून जाऊन राहिलं? मामाजीचे पाय तं पाहा."

"दिवाळीपर्यंत," रमेश म्हणाला. "मोजे पांढरे निघाले पाहिजेत. नाही निघाले तं खड्डा बुजला अन् मांजरबी गेली. मंग मले कोणी काही म्हणाचं नाही."

तूस पोत्यात भरून रमेशनेच अंगणात जाळले. खड्ड्यावरची कौलेही त्यानेच सरकवली आणि दुपारचे ऊन थेट पावड्यांवर पडू लागले. कल्पनाने अंथरुणे उकळत्या पाण्यात काढली. मनू पिल्लांना रोज फणी करी. एका पिल्लाच्या हिरड्या आधीच पांढऱ्या पडल्या होत्या. त्याच्या अंगात रक्तच उरले नव्हते. ते पहिल्याच आठवड्यात गेले. मनूने ते कुणालाही उचलू दिले नाही. स्वतःच परसात नेले.

मी दर सुटीला जात होते. दुसऱ्या खेपेला गल्लीच्या तोंडाशीच मला मागाचा आवाज ऐकू आला. खट्, खटक. खट्, खटक. सूत नाही, तरी आडवे सूत नेणारा धोटा इकडून तिकडे जात होता. पिसवांसाठी नुसत्या पावड्या पुरल्या असत्या, धोट्याची काही गरज नव्हती. मी ते बोलले नाही. दारात शेजारच्या गल्लीतले एक म्हातारे उभे होते. तेही पूर्वीचे विणकर.

"नत्थू, सूत आलं काय गा?"

"नाही गा. पिसवा विणून राहिलो."

"मंग लुगड्याचा भाव काय?"

"तुया रक्ताच्या भावानं देतो. ये, पाय टाक."

दोघेही हसले. मग ते म्हातारे उंबऱ्यावर टेकले आणि आवाज ऐकत बसले. त्यानंतर ते हसले नाहीत. मी निघाले तेव्हाही तिथेच होते.

पण पिसवा वाढल्या. मोज्यांवर राई सांडल्यासारख्या दिसू लागल्या. रमेशने फोनवर आवाज चढवला, "ताई, कमी होऊन राहिल्या का जास्त?" मी सांगितले की बाहेर येताहेत हाच उपाय आहे, आत राहिल्या असत्या तर दिसल्या नसत्या. तो म्हणाला, "तुमचं पत्रक तुमाले लखलाभ," आणि फोन ठेवला. पुढच्या खेपेला गेले तर एक पोते फोडलेले होते. दाराशी घमेले, थापी, पाणी, सगळी तयारी. नत्थूजी मान खाली घालून पावड्या हाणत होते. ते थांबले की कुणीतरी सिमेंट ओतेल, अशा जोराने. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी स्वतःवरच चिडले होते. बाटलीवाल्यांना शिव्या देणे सोपे आहे. त्यांची बाटली लोक का उचलतात ते मला त्या घरात कळले. खरा नैसर्गिक उपाय बाटलीत येत नाही. तो फणी, साबण, ऊन आणि झाडू, आणि त्यात रोजचे कष्ट असतात, दुसऱ्याने करायचे. सल्ला देऊन मी एसटीत बसत होते. हाणायचे पाय त्यांचे होते.

दसऱ्यानंतर मोज्यांवरचे ठिपके विरळ झाले. मनूच्या पायांवर खपल्या धरल्या आणि नवे डाग उठेनासे झाले. कांडीच्या पाठीवरून फणी कोरडी निघू लागली.

दिवाळीच्या आधीच्या सुटीला मी गेले तेव्हा दाराशी फोडलेले पोते दिसले नाही. "घट्ट होऊन जाईन म्हणून न्हाणीच्या ओट्याले लावून टाकलं," कल्पनाने हळूच सांगितले. बाकीची पोती तशीच होती. मागच्या खोलीत नत्थूजींनी मोजे उतरवले. रमेशने ते हातात घेतले, दारात उजेडाला धरले, उलटे करून पाहिले, शिवण ताणून पाहिली.

मोजे पांढरे होते.

नत्थूजींनी पाय खड्ड्यातून वर घेतले नव्हते. उघडे पाय पावड्यांवरच होते.

"मंग झालं म्हणाव काय, पोरी?" त्यांनी विचारले.

ते काय विचारत होते ते मला कळले. बाबांचा दुसरा नियम आठवला: जे माहीत नाही ते लिहायचे नाही. पिसवा संपल्या हे मला माहीत होते काय? कोषातली पिसू महिनोन्महिने निजून राहू शकते. हे मी त्यांच्यासाठी बनवले नाही. हे असेच आहे.

"माहीत नाही, बाबाजी," मी म्हटले. "एखादा कोष लयच दिवस दबून राहते. असनबी एखादा."

"म्हणजे चालू ठेवा लागन."

"ठेवा लागन."

रमेश मोजे हातात घेऊन माझ्याकडे पाहत होता.

"किती दिवस, ताई?"

"ते मले सांगता नाही येत."

त्याने मान हलवली. मोजे झटकले आणि मागाच्या आडव्या दांडीवर एकाशेजारी एक वाळत घातले.

"उद्या धुतलेले घालजा, बा," तो म्हणाला आणि बाकीची पोती दारातून हलवायला बाहेर गेला.